फरशी उखडल्यावर

माळशिरस तालुक्यातल्या घरांची जमीन पिढीगणिक बदलत गेली. आधी शेणानं सारवलेली, मग शहाबादची करडी फरशी, मग मोझॅक, आणि त्यानंतर ती गुळगुळीत सिरॅमिक, जिला लोक सरसकट ‘स्पार्टेक’ म्हणत. आता पुण्यातले फ्लॅट पाहून आलेल्या मुलांना लाकडी जमीन हवी असते. हवी तर करावी. पण खर्चाचा अंदाज दुकानातल्या लाकडाच्या नमुन्यावरून बांधला की फसगत ठरलेली. काम खरं वाढतं ते जुनी फरशी काढताना.

मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओत पातळ पातं सारलं की टाइल अलगद सुटते. तिथं ती सपाट काँक्रीटवर केमिकलच्या पातळ थरानं चिकटवलेली असते. आपल्या जुन्या घरांत कोब्यावर इंचभर वाळू-सिमेंटचा माल, त्यावर सिमेंटची रबडी आणि मग फरशी. तेव्हा फरशीबरोबर मालही उखडणं आलं. दहा बाय बाराची खोली धरा, म्हणजे ११ चौरस मीटर. चौरस मीटरला फरशीचं वजन साधारण १८ किलो, मालाचं ५०. एका खोलीतून पाऊण टन राडारोडा! घमेल्यात २० किलो धरलं तरी ३८ खेपा होतात. ट्रॉली आधी सांगून ठेवलेली बरी.

सुरुवात स्कर्टिंगपासून करावी. मग हातोड्याच्या दांड्यानं फरशी ठोकत जायचं. जिथं बद्द वाजेल तिथं ती आधीच सुटलेली असते. तिथंच छन्नी आडवी धरून घालायची. वरच्या मजल्यावर मोठा ब्रेकर आणू देऊ नये, कारण घरातला स्लॅब जेमतेम चार-पाच इंचांचा. राडारोडाही खोलीच्या मधोमध रचायचा नाही. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून काढतात. राडारोड्याचा फूटभर ढीग त्याच्या दुप्पट भरतो. धूळ वेगळीच. तिच्यात सिलिका असते आणि वर्षानुवर्षं ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. पाणी मारत काम करायचं आणि बिगाऱ्यांना एन-९५ मास्क आपण आणून द्यायचे; त्यात कंजुषी नको.

कोबा उघडा पडला की लगेच लाकूड बसवायची घाई करू नये. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून निदान १६ तास ठेवावा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट दिसला, तर ओल आहे. तालुक्याच्या कालव्याखालच्या भागात, उसाच्या काळ्या रानाला लागून घर असेल, तर तळमजल्यावर हे होणारच असं समजून चालावं. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर हलतो. शिवाय वाळवी आहेच.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी आषाढात नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत जाते. त्या दिवसांत ओसरी-सोपा वारकऱ्यांचा. चिखलाचे पाय येतात, आणि नंतर बादल्या ओतून जमीन धुतली जाते. लाकडाला हे सोसत नाही. माझं मत विचाराल तर खाली फरशीच ठेवावी आणि हौस वरच्या एखाद्या खोलीत भागवावी. तिथं जमिनीतली ओल पोचत नाही.

त्या खोलीत स्लॅबची पातळी बघावी. दोन मीटरची पट्टी आडवी ठेवली की खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. उंचवटे घासायचे, खड्डे लेव्हलिंगच्या मिश्रणानं भरून वाळू द्यायचे. लाकडाचे खोके दोन दिवस त्याच खोलीत पडू द्यावेत. माल काढल्यानं जमीन इंचभर खाली जाते. उंबरा आणि दरवाजाचा हिशेब सुताराला बोलावून आधीच करावा. भिंतीलगत १० मिलिमीटर जागा मोकळी ठेवायची, पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून. स्कर्टिंगनं ती झाकली जाते. मात्र गवंड्याला बजावून ठेवावं, नाहीतर सवयीनं तो तिथं व्हाइट सिमेंट भरून मोकळा होतो.