सिकलसेल : जन्मानंतर मिटलेलं हिमोग्लोबिन पुन्हा जागं

जनुकातलं एकच अक्षर बदलतं, 'ए'च्या जागी 'टी' येतो, आणि हिमोग्लोबिन बिघडतं. प्राणवायू कमी पडला की एरवी गोल, लवचीक असणाऱ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत असह्य कळा सुरू होतात.

या आजारावरची 'कॅसजेव्ही' ही 'क्रिस्पर' या जनुक-संपादन तंत्रावर आधारलेली जगातली पहिली मान्यताप्राप्त उपचारपद्धती. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला परवानगी दिली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये. यात बदललेलं अक्षर दुरुस्त केलं जात नाही, आणि मला तेच सर्वांत विलक्षण वाटतं. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर 'बीसीएल-११ए' हे जनुक ते दाबून टाकतं. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून, रक्तपेशींत या जनुकाला चालना देणारा तुकडा प्रयोगशाळेत कापतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं, पेशी वाकायच्या थांबतात. पेशी परत सोडण्याआधी मात्र कडक केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात वंध्यत्वाचाही धोका असतो.

अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या रुग्णांसाठी आजही मोलाची आहे ती हायड्रॉक्सीयुरियाची स्वस्त गोळी. तीही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते; फक्त रोज, न चुकता घ्यावी लागते.