कृष्णामाईच्या पानावर गुडघेदुखीचं तेल

वाईच्या मावशीचा फोन आला तेव्हा ती नातवाच्या प्रकल्पवहीसाठी कृष्णा नदीची माहिती शोधत बसली होती. "अरे, या विकिपीडियावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली आहे. वर महाबळेश्वरचा उगम, खाली लगेच तेलाची बाटली. यांनी हे कधीपासून सुरू केलं?"

विश्वकोश जिथे घडला त्या गावात राहून मावशी विकिपीडिया वाचते, यावरून मी तिला नेहमी चिडवतो. त्या दिवशी मात्र चिडवायचं सुचलं नाही, कारण विकिपीडियावर जाहिराती नसतातच. देणगी मागणारी पट्टी अधूनमधून येते, तेवढी सोडली तर तेल नाही, साबण नाही, काही नाही. मी तिला तेच पान फोनवर उघडायला सांगितलं. फोनवर पान लख्ख होतं. लॅपटॉपवर बाटली, फोनवर कोरी जागा. पान एक, नदी एक, घरातलं वायफायही एकच.

असाच प्रश्न 2012 मध्ये इतक्या वाचकांना पडला होता की विकिमीडिया फाउंडेशनला जाहीर खुलासा करावा लागला: आमच्या पानावर जाहिरात दिसली, तर ती आम्ही लावलेली नाही, तुमच्याच संगणकात काहीतरी शिरलं असण्याची शक्यता आहे. तेव्हा उदाहरण म्हणून नाव आलं ते 'आय वॉन्ट धिस' या, क्रोम ब्राउझरच्या एका एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामाचं. तेव्हापासून माझ्यापुरती ही सगळ्यात सोपी तपासणी आहे. संगणकाबद्दल शंका आली की विकिपीडिया उघडायचा. तिथे जाहिरात दिसली, तर ताप आहे.

पण ती येते कुठून? विकिपीडियाच्या सर्व्हरनं पाठवलेलं पान स्वच्छ होतं. वाटेतही कुणी हात लावलेला नव्हता, कारण पत्त्याच्या पट्टीत सुरक्षित जोडणीची खूण होती आणि ती खोटी नव्हती. मला या प्रकारातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पूर्वी गावाकडं ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं मास्तर वाचून दाखवायचे. समजा, एखाद्या आजीचं पत्र लाखेची मोहर लावून आलं, मोहर शाबूत होती, मास्तरांनी ती आजीसमोरच फोडली. आता मास्तरांच्या शेजारी बसलेल्या कुणी उलगडलेल्या पत्रात दोन ओळी गिचमिड करून घातल्या आणि मास्तरांनी त्याही त्याच सुरात वाचल्या, तर आजीला कसं कळणार? मुंबईच्या मुलानं पत्रात तेलाची चौकशी का केली, एवढंच नवल ती करत बसेल.

ब्राउझर म्हणजे ते मास्तर. सर्व्हरकडून येतो तो नुसता मजकूर असतो. ब्राउझर त्याचं संगणकाच्या स्मृतीत एक झाड उभं करतो: खोड, मथळ्याची फांदी, परिच्छेदांच्या डहाळ्या, चित्रांची पानं. पडद्यावर दिसतं ते या झाडाचं चित्र. आणि परवानगी मिळालेल्या एक्स्टेन्शनला या झाडावर चढता येतं. नको ती फांदी तोडता येते, हवी ती कलम करता येते, एखाद्या दुव्याचा पत्ता बदलून त्याला दुसरीकडे वळवताही येतं. हे पान उघडल्या उघडल्या, डोळा लवायच्या आत होतं आणि पुढच्या पानाला पुन्हा पहिल्यापासून. त्या तेलाच्या बाटलीवर उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' केलं, तर कलम केलेली फांदी उघडी दिसते, परक्या पत्त्यासकट. मावशीकडे गेल्यावर मी त्या फांदीकडे बराच वेळ बघत बसलो. चोराच्या पायाचे ठसे ओल्या सिमेंटवर उमटावेत तसं ते दिसत होतं.

गंमत अशी, की जाहिराती काढून टाकणारी एक्स्टेन्शन्सही नेमकं हेच करतात. रात्री पान काळं करणारी, शब्दावर टिचकी मारली की अर्थ दाखवणारी, सगळी याच झाडावर चढतात. कात्री एकच. ती कुणाच्या हातात आहे, त्यावर सगळं.

आणि हात बदलतात. 2013 च्या जुलैमध्ये गूगल रीडर बंद झालं, वाचक फीडली या सेवेकडे वळले. डिजिटल इन्स्पिरेशन हा ब्लॉग लिहिणारे अमित अगरवाल यांनी त्या सुमाराला तासाभरात एक छोटं एक्स्टेन्शन लिहिलं. एक बटण दाबलं की आवडीची साइट फीडलीत जमा. बघता बघता ते तीस हजारांहून जास्त लोकांच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसलं. मग एके दिवशी ते विकत घेण्याची विचारणा आली, चार आकडी डॉलरमध्ये. एका तासाच्या कामाचे एवढे पैसे कोण सोडेल? त्यांनी ते विकलं. साधारण महिन्याभरानं नव्या मालकानं अपडेट सोडलं आणि तीस हजार लोकांच्या पानांवर जाहिराती उगवल्या. अगरवालांनी 2014 च्या जानेवारीत हे सगळं स्वतःच लिहून टाकलं, पश्चात्तापासकट. त्यानंतर गूगलनं ते एक्स्टेन्शन दुकानातून काढलं.

विकत घेणाऱ्यानं नेमकं काय घेतलं, बघा. कोड तर तासाभरात कुणीही लिहील. त्यानं घेतली तीस हजार घरांची आधीच दिलेली परवानगी. एक्स्टेन्शन्स स्वतःहून, गुपचूप अद्ययावत होतात. क्रोम दर काही तासांनी नवी आवृत्ती आहे का ते बघतो आणि असली तर बसवून टाकतो. नव्या आवृत्तीनं जास्तीची परवानगी मागितली, तर मात्र तो थांबून तुम्हाला विचारतो. पण पहिल्याच दिवशी तुम्ही 'सगळ्या वेबसाइटवरचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' याला मान डोलावली असेल, तर विचारायचं काही उरतच नाही.

प्रत्येक एक्स्टेन्शनला एक ओळख क्रमांक असतो. क्रमांक म्हणायचं, पण त्यात आकडा एकही नसतो. बत्तीस इंग्रजी अक्षरं, आणि तीही फक्त 'ए'पासून 'पी'पर्यंतची सोळाच. एक्स्टेन्शनवर सही करण्याच्या मूळ किल्लीच्या गणिती ठशातल्या सोळा चिन्हांना ही सोळा अक्षरं नेमून दिलेली आहेत. मालक बदलला तरी ही ओळख तीच राहते, जमीन विकली तरी गट नंबर तोच राहावा तशी. फरक एवढाच, की जमीन विकली तर फेरफार पडतो, तलाठ्याच्या कार्यालयात नोटीस लागते, कुणाला हरकत असेल तर ती घ्यायला मुदत मिळते. इथे सातबाऱ्यावरचं नाव बदलतं आणि ज्यांच्या घरात ते एक्स्टेन्शन बसलेलं आहे त्यांना निरोपही येत नाही. मालकी बदलली की सावध करणारं 'अंडर न्यू मॅनेजमेंट' नावाचं साधन आहे खरं. तेही अर्थात एक एक्स्टेन्शनच आहे.

'द ग्रेट सस्पेंडर'चं उदाहरण याहून मोठं. न वापरलेले टॅब झोपवून संगणकाचा भार हलका करणारं हे गुणी एक्स्टेन्शन वीसेक लाख लोक वापरत होते. 2020 मध्ये ते विकलं गेलं, 2021 च्या फेब्रुवारीत गूगलनं त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते लोकांच्या ब्राउझरमध्येच बंद केलं. त्याबरोबर लोकांचे झोपवलेले टॅबही गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की झोपलेल्या टॅबच्या लांबलचक पत्त्याच्या शेपटाला मूळ साइटचा पत्ता तसाच चिकटलेला आहे. ब्राउझरच्या इतिहासातून ते पत्ते काढून, शेपूट कापून, लोकांनी एकेक पान परत मिळवलं.

हे सुटे प्रकार नाहीत, हा धंदा आहे. गूगल आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी 2015 मध्ये मोजदाद केली. गूगलच्या साइटवर येणाऱ्या वेगवेगळ्या आयपी पत्त्यांपैकी 5.5 टक्क्यांवर बाहेरून घुसवलेल्या जाहिराती आढळल्या. त्या घुसवणारी 50 हजारांहून जास्त एक्स्टेन्शन्स आणि 34 हजारांवर प्रोग्राम सापडले. फसवी ठरलेली 192 एक्स्टेन्शन्स गूगलनं बंद केली, ती एक कोटी चाळीस लाख लोकांकडे होती. पैसे शेवटी जाहिरातदाराच्याच खिशातून जातात. मधल्या दलालांच्या साखळीतून त्याची जाहिरात कुठे जाऊन चिकटली, हे बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच आलेलं सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. ते एक्स्टेन्शन नव्हतं, पण खरेदीच्या पानांत जाहिराती घालण्यासाठी ते लाखेच्या मोहरेलाच हात घालत होतं. मूळ मोहर फोडायची, मजकूर बदलायचा आणि स्वतःच्या शिक्क्यानं पुन्हा बंद करायची. हा शिक्का सगळ्या लॅपटॉपवर एकच होता. सुरक्षातज्ज्ञ रॉबर्ट ग्रॅहम यांनी काही तासांतच त्याचा पासवर्ड काढला, तो होता 'कोमोडिया', म्हणजे ते तंत्र बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. कुलपाची किल्ली कुलूप करणाऱ्याच्या पाटीमागे ठेवलेली.

मावशीकडे गेलो तर तिच्या क्रोममध्ये अकरा एक्स्टेन्शन्स निघाली. यातला चोर कोण? दिवाळीच्या जुन्या माळेतला गेलेला दिवा शोधताना एकेक दिवा काढून बघत बसलं तर लक्ष्मीपूजन उरकून जातं. निम्मी माळ तपासायची, मग त्यातली निम्मी. उजवीकडच्या तीन टिंबांतून एक्स्टेन्शनांच्या यादीत गेलो, निम्मी बंद केली, कृष्णा नदी पुन्हा उघडली. अकरांतला एक दोषी शोधायला जास्तीत जास्त चार फेऱ्या लागतात. तिसऱ्या फेरीत बाटली गायब झाली.

सापडलं ते रोजची तिथी दाखवणारं एक्स्टेन्शन. मावशीनं तीन वर्षांपूर्वी हौसेनं घातलेलं. त्याच्या तपशिलात तेच वाक्य होतं: सगळ्या साइटवरचं सगळं वाचणे आणि बदलणे. आज चतुर्थी आहे हे सांगायला बँकेचं पान कशाला वाचावं लागतं? हा एक प्रश्न एक्स्टेन्शन घालण्याआधी विचारला, तर बरीचशी दारातूनच परत जातील. काही खरोखर उपयोगाची असतात. त्यांना फक्त टिचकी मारल्यावरच पानात येऊ द्यायची सोय क्रोममध्ये आहे, ती मी मावशीच्या उरलेल्यांपैकी दोघांना लावली. चार काढून टाकली. ती कशाची आहेत हे तिलाही आठवत नव्हतं.

एवढ्यात बातमी वाड्यात पसरली आणि शेजारचे काका आपला लॅपटॉप घेऊन आले. त्यांचं प्रकरण हट्टी होतं. एक्स्टेन्शनपुढचं 'काढा' बटणच मेलेलं आणि मेनूच्या तळाशी सूचना, की हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो. भिशी सोडली तर काका कुठल्याच संस्थेत नाहीत. कंपन्यांना आपल्या शेकडो संगणकांवर एक्स्टेन्शन सक्तीनं बसवता यावं म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत धोरणाची एक नोंद करता येते. तीच नोंद कुणीतरी काकांच्या नावानं करून ठेवली होती. आलं होतं ते फुकटच्या पीडीएफ प्रोग्रामाबरोबर, बसवताना 'पुढे, पुढे' दाबत गेल्यामुळे. इथे क्रम महत्त्वाचा. आधी तो प्रोग्राम काढला, नाहीतर तो नोंद पुन्हा करतो. मग ॲडक्लीनर हे फुकट साधन चालवून उरलेला गाळ उपसला, धोरणाची नोंद गेली, 'काढा' बटण जिवंत झालं. शेवटी काकांच्या खात्याचं सिंक तपासलं, कारण घरातल्या दुसऱ्या संगणकावर तेच एक्स्टेन्शन असेल तर इथून काढलेलं तिथून परत येतं. आणि सूचना पाठवायची परवानगी त्यांनी ज्या पंधरावीस साइटना वाटली होती, ती काढून घेतली. कोपऱ्यात उगवणाऱ्या अर्ध्या जाहिराती त्यातून येत होत्या, त्यात एक्स्टेन्शनचा काही संबंध नव्हता.

मावशीचा फोन कोरा का राहिला, हे तिनं चहा देताना विचारलं. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसतच नाही, एवढंच त्याचं उत्तर.

"आणि आता मला चतुर्थी कशी कळणार?" ती म्हणाली, आणि स्वतःच उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आली. पान उलटलं तर मागे जाहिरात होती. तिच्या चारी बाजूंच्या कोऱ्या जागेत, आणि जागा पुरली नाही तेव्हा थेट तिच्यावरच, मावशीनं महिन्याचा दुधाचा हिशोब लिहिला होता.