भिंतीवरची रेषा आणि अंगणातलं मूल

मुलांच्या अद्भुत मालिकांबद्दल मोठ्यांचा एक समज पक्का असतो. पडद्यावरचा राक्षस जितका खऱ्यासारखा दिसेल, तितकी मुलं त्याच्यावर विश्वास ठेवतील, असं आपण धरून चालतो. म्हणून राक्षसाच्या कातडीवर, त्याच्या डोळ्यांतल्या चमकेवर पैसा ओतायचा, आणि तेवढा पैसा नसेल तर त्या वाटेला जायचंच नाही. जिवंत बालकलाकार आणि हलती चित्रं एकाच गोष्टीत खेळवणारी मालिका मराठीत क्वचितच पाहायला मिळते, त्यामागे हा समज आहे. तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या दोन डोंगरी तालुक्यांकडे पाहिलं की लक्षात येतं. अशी मराठी मालिका घडवायची तर ती याच भागात, इथल्या मुलांना आणि इथल्या चित्रकारांना घेऊन घडवावी, असं माझं म्हणणं आहे.

या भागात होळीनंतर, उन्हाळ्याच्या महिन्यांत, गावोगाव बोहाडा भरतो. देवीचा हा उत्सव रात्री रंगतो. संबळ आणि सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात एकामागून एक सोंगं निघतात. आधी गणपती, मग शारदा, पुढे नरसिंह, त्राटिका, रावण, वेताळ असे एकेक जण येतात, आणि शेवटाकडे देवी आणि महिषासुराची लढाई होते. कागदाचा लगदा किंवा लाकूड यांपासून केलेले मुखवटे भडक रंगांनी रंगवलेले असतात. काही इतके मोठे आणि जड असतात की नाचणाऱ्याला ते दोन्ही हातांनी धरून तोलावे लागतात. कोणतं सोंग कोणी नाचवायचं, याचे मान अनेक ठिकाणी घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात. म्हणजे रावण कोणाच्या घरचा, त्राटिका कोणाच्या घरची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवसा नांगर धरणारा किंवा गवंड्याच्या हाताखाली राबणारा ओळखीचा माणूस रात्री दहा तोंडांनिशी समोर येतो. तरीही पोरं त्याला घाबरतात, मागे सरतात, आणि सोंग पुढे गेलं की त्याच्या पाठोपाठ धावतात.

यात फसवणूक कुठेच नाही. मुखवटा हा मुखवटाच दिसतो, त्याखालचे पाय माणसाचेच दिसतात, आणि मुलाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळत असतात. मुलांच्या कल्पनाशक्तीचं हे मूळ कौशल्य आहे. खोटं आहे हे पुरतं ठाऊक असताना ते मनापासून खरं मानायचं, आणि नको झालं की तत्क्षणी खाली ठेवायचं, हे तीन-चार वर्षांचं मूलही रोज भातुकलीत करतं. जिवंत नट आणि रेखाटलेलं चित्र एकत्र आणणारा पडदा नेमका याच कौशल्यावर उभा असतो. चित्र हे चित्रच दिसतं, त्याच्याशी बोलणारं मूल खरं असतं. प्रेक्षक मूल त्या खऱ्या मुलाचा हात धरून चित्रात शिरतं.

सिनेमाच्या इतिहासानं हे वारंवार दाखवून दिलं आहे. मोखाड्याहून घाट चढून पुढे गेलं की त्र्यंबकेश्वर लागतं. दादासाहेब फाळके १८७० साली तिथेच जन्मले. त्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. काडी थोडी हलवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा थोडी हलवायची, अशा रीतीनं त्यांनी आगपेटीतल्या काड्यांना जीव दिला. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळके मंदाकिनीला प्रेक्षकांसमोर आणतात. ती चेहऱ्यावर निरनिराळे भाव दाखवते, आणि मग कृष्ण होते. आधी मूल दाखवायचं, मग देव दाखवायचा. ही मुलगी नटी आहे हे कळल्यानं प्रेक्षकांचा कृष्णावरचा विश्वास उडेल, अशी भीती फाळक्यांना वाटली नाही. बोहाड्यातल्या सोंगाचं आणि फाळक्यांच्या कृष्णाचं शास्त्र एकच आहे.

पश्चिमेतही गोष्ट याच वळणानं गेली. वॉल्ट डिस्नेनं १९२३ पासून एका खऱ्या मुलीला चित्रांच्या देशात पाठवणाऱ्या ‘अॅलिस’ लघुपटांची मालिका केली. मिकी माउस तेव्हा जन्मालाही आला नव्हता. अमेरिकन टेलिव्हिजनवर हॅना-बार्बेरा कंपनीनं १९६८ मध्ये हकलबरी फिनच्या साहसांची साप्ताहिक मालिका आणली. तिच्यात हक, टॉम आणि बेकी ही तीन खरी मुलं सबंध रेखाटलेल्या जगात भटकत असत. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये हे तंत्र कळसाला पोचलं. त्यातला ससा कोणालाही खरा ससा वाटत नाही, तो ठार कार्टूनच आहे. बॉब हॉस्किन्स हा नट मात्र रिकाम्या हवेकडे अशा ठाम नजरेनं पाहतो, की तिथे कोणीतरी उभं आहे याची आपली खात्री पटते. या प्रकारच्या चित्रीकरणातलं सर्वांत कठीण काम हेच आहे. चित्र नंतर काढलं जाणार असतं, चित्रीकरणाच्या वेळी नटापुढे काहीच नसतं. नजर चार बोटं वर-खाली झाली, तर पुढे कितीही पैसा ओतला तरी ते दृश्य तुटतं. मिश्र मालिकेची भिस्त चित्राच्या हुबेहूबपणापेक्षा नटाच्या नजरेवर अधिक असते.

आपल्याकडच्या पडद्यालाही हे अगदी अनोळखी नाही. रामदास पाध्ये यांच्या हातावरचा अर्धवटराव हा बाहुला आहे हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, तरी लोक त्याच्याच तोंडाकडे पाहत राहिले. ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुलाही १९९३ पासून मुलांच्या दोन पिढ्यांना घाबरवतो आहे. या शतकाच्या आरंभी हिंदीत ‘शाका लाका बूम बूम’ आली. संजू जादूच्या पेन्सिलीनं जे काढी, ते खरं होऊन समोर येई. देशभरातल्या पोरांना तशी पेन्सिल हवीशी झाली. पण अशा मालिकांमधलं जग बहुतेकदा शहरी शाळेचं आणि बंगल्यातल्या बैठकीच्या खोलीचं होतं. डोंगरातल्या मुलाला त्यात प्रेक्षक म्हणून जागा होती, गोष्टीतलं पात्र म्हणून नव्हती.

जव्हार-मोखाड्याकडे वळण्याचं दुसरं कारण निव्वळ तांत्रिक आहे. आपल्याकडे टेलिव्हिजनचं चित्र सेकंदाला पंचवीस चौकटींनी चालतं. बावीस मिनिटांच्या एका भागात तेहतीस हजार चौकटी होतात. त्यातल्या निम्म्यात जरी चित्रित पात्र असलं आणि एक चित्र दोन-दोन चौकटी धरलं, तरी आठ हजारांवर चित्रं लागतात. म्हणून पात्राची घडण जितकी साधी, तितकं काम आवाक्यात येतं. आता इथल्या वारली चित्रातला माणूस पाहावा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे असतात, वर वाटोळं डोकं, आणि हातापायांच्या जागी रेषा. दोन त्रिकोण मिळतात तो बिंदू म्हणजे कंबर. तिथून वरचा त्रिकोण थोडा कलला की माणूस वाकला, उलट कलला की माणूस नाचला. हलवण्यासाठी याहून सोयीची आकृती शोधून सापडणार नाही. शिवाय गेरूनं किंवा शेणानं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं काढलेल्या या आकृतीला सावली नसते, घनता नसते, दूर-जवळचा हिशेब नसतो. त्यामुळे खऱ्या माणसाच्या अंगावरचा उजेड आणि चित्रावरचा उजेड जुळवण्याची जी महागडी कसरत इतरत्र करावी लागते, ती इथे मुळातच संभवत नाही. चित्र भिंतीवरच राहील, भिंतीवरच चालेल. मूल अंगणात उभं राहून त्याच्याशी बोलेल. रेषा उठून मुलाच्या मागे जायची असेल, तर ती घरामागून घरावर, मग दगडावर, मग शाळेच्या पाटीवर सरकत जाईल. शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही रेषा लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आलेली रेषा पडद्यावर येणं ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

पहिला आक्षेप इथेच येईल. बोहाड्याचे मुखवटे पूजेचे असतात, वारली लग्नात भिंतीवर काढलेल्या चौकात पालघट देवी बसते. त्यांना करमणुकीला जुंपणं हा परंपरेचा अपमान ठरेल. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला एकच प्रामाणिक उत्तर आहे: देवांचे मुखवटे आणि देवाचा चौक यांना हात लावायचा नाही. हवं आहे ते त्यांच्यामागचं कौशल्य. मुखवटे करणाऱ्या कारागिरांनी गोष्टीसाठी नवी सोंगं घडवावीत, चित्र काढणाऱ्यांनी नवी पात्रं काढावीत, आणि श्रेयनामावलीत व मानधनात त्यांची नावं सर्वांत वर असावीत. वारली रेषा आज पर्स, कप आणि हॉटेलांच्या भिंतींवर छापली जाते, तेव्हा ती काढणारा हात बहुधा निनावी राहतो. ही मालिका तोच कित्ता गिरवणार असेल, तर ती न झालेली बरी.

दुसरा आक्षेप मुलांच्या जिवाचा आहे. अद्भुत पाहून मुलं नक्कल करतात, हे आपण ‘शक्तिमान’च्या वेळी पाहिलं. १९९७ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेमुळे मुलं धोकादायक प्रकार करतात, अशी ओरड झाली होती. ती चिंता खरी मानूनही एक फरक ध्यानात घ्यायला हवा. उडणारा माणूस जितका हुबेहूब, तितका आपल्यालाही उडता येईल हा मोह मोठा. जे अद्भुत स्वतःचं खोटेपण उघड मिरवतं, त्यात हा धोका कमी असतो. भिंतीवरच्या त्रिकोणाची नक्कल करायला मूल गच्चीवर चढणार नाही. ते फार तर कोळसा घेऊन भिंत रंगवील.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकांचे जीव गेले आणि सगळा देश हादरला. त्यानंतरही या दोन तालुक्यांची नावं कुपोषणाच्या बातम्यांतून गेलेली नाहीत. दिवाळीनंतर इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला जातात, त्यांच्याबरोबर मुलांच्या शाळेलाही कुलूप लागतं. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण फिरतात. अशा ठिकाणी मालिकेची भाषा करणं हा श्रीमंती थाट नाही का? अन्न, पाणी आणि दवाखाना आधी, याबद्दल दुमत असूच शकत नाही. मालिकेचा एक रुपयाही त्या खात्यातून येता कामा नये. पण उरलेल्या महाराष्ट्रानं या मुलांना तीस वर्षं फक्त वजनकाट्यावर पाहिलं आहे, याची खंत आपल्याला असायला हवी. वजन भरणं हा मुलाचा हक्क आहे, तसाच गोष्टीचा नायक होणं हाही त्याचा हक्क आहे. साताऱ्याच्या किंवा नागपूरच्या मुलानं मोखाड्याच्या मुलीला पडद्यावर हुशार, खोडकर, शूर अशी पाहिली, तर पुढे तो मोठा होऊन अधिकारी किंवा डॉक्टर म्हणून इकडे येईल तेव्हा तिला वेगळ्या नजरेनं पाहील. शिवाय स्थानिक माणसांनी स्वतःच्या गोष्टी केल्या की काय घडतं, याचा दाखला फार लांबचा नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९७५ मध्ये सुरू झालेल्या टेलिव्हिजन प्रकल्पात गावकऱ्यांनी स्वतःचे प्रश्न स्वतःच्या बोलीत, स्वतः अभिनय करून मांडले. १९८४ साली युनेस्कोनं ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कार देऊन त्या कामाचा गौरव केला.

टेलिव्हिजन आता पाहतं कोण, असंही कोणी विचारील. शहरात हा प्रश्न रास्त आहे. डोंगरात मोबाइलची रेंज टेकडीगणिक येते-जाते आणि डेटाचे पैसे मोजून भरावे लागतात. तिथे मासिक वर्गणीविना चालणारी डिश आजही कामाची आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवरूनच घरोघर गेली. आणि या भागातल्या आश्रमशाळांमधून असंख्य मुलं एकत्र राहतात. एक पडदा, एक संगणक आणि आधी भरून ठेवलेले भाग एवढ्यावर तिथे रेंजशिवायही मालिका दाखवता येईल. बोलीचीही अडचण वाटते तेवढी नाही. पात्रं वारली, कोकणा किंवा ठाकूर बोलीत बोलतील आणि सोबतीला मराठी असेल. कृती पाहून अर्थ लावण्यात मुलं मोठ्यांपेक्षा कितीतरी तरबेज असतात.

तेव्हा मागणी साधी आहे. सह्याद्री वाहिनी, आदिवासी विकास विभाग आणि एखादी चित्रपट शिक्षण संस्था यांनी मिळून बावीस मिनिटांचा एक नमुना भाग करावा. गोष्ट या दोन तालुक्यांतल्या मुलांकडून घ्यावी, सोंगं आणि रेषा इथल्या कलावंतांकडून घ्याव्यात, यंत्रं आणि तंत्रज्ञ बाहेरून आणावेत. तो भाग सर्वांत आधी जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत दाखवावा, आणि पुढे जायचं की नाही हे तिथल्या मुलांच्या प्रतिसादावरून ठरवावं. खरं आणि सोंग यांचा मेळ ओळखण्यात ती मुलं लहानपणापासून मुरलेली आहेत. त्यांनी मालिका स्वीकारली, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला ती आपली वाटेल.