चेहरेपट्टी आणि काळा चष्मा

उन्हाळ्याच्या तोंडावर गॉगल खरेदी करण्यास निघालेला मनुष्य दुकानातील आरशासमोर जो निर्णय घेतो, तो बहुधा एखाद्या नटाच्या मुखावर शोभलेल्या फ्रेमच्या स्मरणाने घेतलेला असतो. परंतु त्या नटाची चेहरेपट्टी निराळी आणि आपली निराळी, ही साधी बाब पैसे मोजून घरी आल्यावरच त्याच्या ध्यानात येते.

चष्मेवाल्यांमध्ये याविषयी जो दंडक रूढ आहे त्याचे मर्म असे की, निसर्गाने चेहऱ्यावर जी रेषा आधीच ठळक काढून ठेवली आहे तिची पुनरुक्ती फ्रेमने करू नये. म्हणून ज्यांचा चेहरा वाटोळा व गाल भरलेले, त्यांना कोनयुक्त आयताकृती फ्रेम शोभते, तर रुंद जबड्याच्या चौरस चेहऱ्याला गोल अथवा लंबगोल काचांनी मार्दव येते. लांबट चेहऱ्यावर अरुंद पट्टीसारखी फ्रेम घातली असता तिच्याखाली उरलेला चेहरा अधिकच लांब भासतो, सबब तेथे उंचीने मोठी काच हवी. अंडाकृती चेहऱ्याच्या भाग्यवंतांना जवळजवळ सर्वच प्रकार खपून जातात. त्यांनी एवढा मजकूर वाचला नसता तरी चालले असते.

राहिला रुंद कपाळाचा आणि निमुळत्या हनुवटीचा चेहरा. त्याला पुष्कळदा ‘एव्हिएटर’ची शिफारस होते. अमेरिकेतील बॉश अँड लोम्ब कंपनीने १९३७ साली सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणलेला हा घाट मुळात शोभेसाठी जन्मलाच नव्हता. वैमानिकाने मान न वळवता खालच्या उपकरणांकडे दृष्टी टाकली तरी डोळा काचेच्या आडच राहावा, एवढ्यासाठी तिचा आकार अश्रूबिंदूप्रमाणे खाली ओघळता ठेवला गेला, आणि तोच ओघळ आज गालांपाशी रुंदीचा आभास निर्माण करून निमुळत्या चेहऱ्याचा तोल सावरतो.

तथापि आकृत्यांच्या या वर्गवारीपेक्षा मापाची आणि नाकाची बाब मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण शंभर टक्के गोल वा चौकोनी चेहरा सहसा कुणाचाच नसतो, परंतु घसरणारा किंवा कानशिले दाबणारा चष्मा मात्र प्रत्येक चेहऱ्यास विद्रूप करतो. काडीच्या आतल्या बाजूस बहुधा ५२, १८, १४० असे आकडे छापलेले असतात. ते अनुक्रमे काचेची रुंदी, दोन काचांमधील नाकावरचे अंतर आणि काडीची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात, आणि आपल्या नीट बसलेल्या जुन्या चष्म्यावरून हे आकडे टिपून नेले तर दुकानदाराच्या स्तुतिपाठाची गरज उरत नाही. नाकाचा दांडा बसका असल्यास मागेपुढे वळवता येणारे नोजपॅड असलेली धातूची फ्रेम घ्यावी. फ्रेमची वरची कड भुवईच्या रेषेला धरून असावी, आणि आरशासमोर एकदा मनमोकळे हसून पाहावे. हसताना गालांनी फ्रेम वर उचलली गेली तर ती परत करावी.

एवढे जमले तरी काचेचा मुलाहिजा बाकी राहतो. काच गडद आहे म्हणून डोळा सुरक्षित आहे, हा समज घातक होय. गडद काचेआड डोळ्याची बाहुली विस्फारते, आणि त्या काचेत अतिनील किरण अडवण्याची तजवीज नसेल तर ते अधिकच आत शिरतात. ‘यूव्ही ४००’ म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचे किरण अडवणारी काच. कडक उन्हात नित्य वापरासाठी दृश्य प्रकाशातील ८ ते १८ टक्केच आत सोडणारी तिसऱ्या श्रेणीची काच योग्य. चौथ्या श्रेणीची त्याहून गडद काच वाहन चालवताना वापरू नये. पोलराइज्ड काच पाण्यावरून व ओल्या रस्त्यावरून येणारी तिरीप मारते, मात्र मोबाइलचा पडदा काही कोनांतून तिच्यामागे काळा दिसतो.

पुष्कळ चष्मेवाल्यांकडे अतिनील किरण तपासण्याचे लहानसे यंत्र असते. फ्रेम पसंत पडल्यावर, पैसे देण्यापूर्वी, त्यावर काच ठेवून दाखवण्यास सांगावे. जो दुकानदार टाळाटाळ करील त्याचा गॉगल चेहऱ्याला कितीही शोभत असला तरी घेऊ नये.