म्हातारं इंजिन आणि गॅरेजमधले सल्ले

गाडीला दीड लाख किलोमीटर पडले, की मालकाला दोन प्रकारचे सल्लागार भेटू लागतात. एक म्हणतो, "आता विकून मोकळा हो." दुसरा म्हणतो, "एवढं एक बसवून घे, मग बघ कशी पळते." पहिल्याचं ऐकलं तर नव्या गाडीचे हप्ते सुरू होतात. दुसऱ्याचं ऐकलं तर दर तीन महिन्यांनी 'एवढं एक' वाढत जातं आणि गाडी घाटात पूर्वीसारखीच रडत चढते.

वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात या वयापर्यंत पिस्टन, क्रँक असले मूळ भाग सहसा बरे असतात. झिजतं, कडक होतं, तुंबतं ते त्याच्या भोवतीचं: रबरी नळ्या, माउंटिंग, प्लग, थर्मोस्टॅट, सेन्सर. थोडक्या पैशांत इंजिन सुधारायचं तर आधी ही हरवलेली ताकद परत आणायची. नवी ताकद विकत घेण्याचा विचार त्यानंतरचा. गॅरेजच्या बाकावर ऐकू येणारे बरेचसे सल्ले नेमके उलट्या क्रमाने येतात.

"जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका"

हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. जाड ऑइल झिजलेल्या रिंगांमधून जरा कमी निसटतं, आवाज दबतो आणि मालक खूश होतो. पण झीज तिथेच राहते. 5डब्ल्यू-30 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 ओतलं, की सकाळी गार इंजिन सुरू करताना ते वरपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेतं. ज्या इंजिनांत टॅपेट आणि टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात, तिथे पहिल्या काही सेकंदांचा हा उशीर महागात पडतो. गाडीच्या पुस्तिकेत बहुधा तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडची यादी असते. तिच्यातली एक पायरी जाड ग्रेड घ्यायला हरकत नाही. यादीबाहेर उडी मारू नये.

याच्या उलटा समजही आहे: सिंथेटिक ऑइल टाकलं की जुनं इंजिन गळायला लागतं. सिंथेटिक ऑइलच्या सुरुवातीच्या काळात, 1970 च्या दशकात, सीलांशी त्याचं पटत नसे. ती तक्रार आता उरलेली नाही. आज सिंथेटिक टाकल्यावर गळती दिसली, तर सील आधीच गेलेला असतो. इतके दिवस त्याला बाहेरून चिकटलेल्या चिखलाने धरून ठेवलेलं असतं, एवढंच. आणि डिझेल गाडीचं ऑइल बदलून आठवड्यात काळं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे.

ऑइलवर जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील, तर महागडा डबा घेण्याऐवजी बदलाचं अंतर कमी करा. आणि दर पंधरवड्याला, गाडी सपाट जागी पाच मिनिटं बंद ठेवून, डिपस्टिक पाहा. जुनं इंजिन थोडं ऑइल पितंच. तेवढं वरून टाकत राहिलात तर ते अजून बरीच वर्षं चालेल. पातळी खाली गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की मात्र ते एका प्रवासात बसतं.

"थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता गरम होणार नाही"

या एका सल्ल्याने महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांचं जितकं नुकसान केलं असेल, तितकं खड्ड्यांनीही केलं नसेल. एप्रिलमध्ये घाट चढताना काटा वर गेला, की गॅरेजवाला थर्मोस्टॅट उपटतो, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरतो आणि विषय मिटवतो. काटा खाली येतो हे खरं.

पण थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला अडथळा, असं मानणं चूक आहे. साधारण 82 ते 88 अंशांना उघडणारा हा झडपेचा तुकडा इंजिनाला त्याच्या कामाच्या तापमानावर आणतो आणि तिथे ठेवतो. तो नसला, की गावातल्या गावात फिरताना इंजिन नीट तापतच नाही. तापमानाचा सेन्सर कॉम्प्युटरला 'अजून गार आहे' असं कळवत राहतो, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, त्यात ओल राहते आणि टोपणाखाली दुधट मळ जमतो. मालकाची तक्रार मात्र वेगळीच असते: अॅव्हरेज पडलं, प्लग काळे होतात. मग प्लग बदलले जातात. मग सेन्सर. काढलेला थर्मोस्टॅट कुणाला आठवतही नाही.

गाडी गरम होण्याचं खरं कारण बहुधा तीन-चार ठिकाणी सापडतं: तुंबलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, न फिरणारा पंखा, किंवा रेडिएटरची टोपी. टोपीकडे कुणी लक्ष देत नाही. तिच्या स्प्रिंगमुळे आतला दाब वाढतो आणि साधारण एक बार जास्त दाबाखाली पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर चिरलं की ही सगळी सवलत गेली. गार इंजिनावर टोपी काढून रबराच्या कडेवरून नख फिरवा. चीर किंवा कडक कड लगेच जाणवते. (गरम इंजिनावर हा प्रयोग करू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.) कूलंटमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नये, हेही इथेच सांगून टाकतो. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंजरोधक नसलेलं पाणी अॅल्युमिनियमचं हेड खातं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मेनिम्मे, नवा थर्मोस्टॅट, नवी टोपी. लहान गाडीच्या इंजिनासाठी यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक अपग्रेड मला माहीत नाही.

"पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला"

फियाटचं 1.3 लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन, 1248 सीसीचं, भारतात इतक्या गाड्यांत बसलं की त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणत. 2007 मध्ये ते मारुती स्विफ्टमध्ये आलं, पुढच्या वर्षी डिझायर आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टात, मग पुंटो, मांझा, अर्टिगा, ब्रेझा. पुण्याजवळच्या रांजणगावलाही ते बनत होतं. 2020 मध्ये बीएस-6 चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून ते गेलं. रस्त्यावर मात्र आजही भरपूर आहे आणि बहुतेकांचे काटे लाखाच्या कधीच पुढे गेले आहेत.

या गाड्यांची ठरलेली तक्रार: गाडी ओढत नाही, अॅक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर. ठरलेलं निदान: टर्बो बदला. त्याआधी बोनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळ्या पाहा. क्लिपच्या जरा खाली नळी अंगठ्याने दाबून थोडी पिळली, की एरवी मिटलेली फट उघडते. तिच्याभोवती बहुधा ऑइलचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग असतो. दाबलेली हवा तिथून निसटते, डिझेल मात्र हिशेबाने पडतच राहतं, म्हणून काळा धूर. कान दिला तर चढावर फुस्स असा आवाजही येतो. नळी टर्बोच्या मानाने अगदीच स्वस्त असते. नळी ठीक निघाली, तर दुसरा संशयित ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड. वर्षानुवर्षांची काजळी तिथे डांबरासारखी बसते. ती उतरवून साफ करणं हे खरं डिकार्बनायझिंग. इनटेकच्या नळीत वायू सोडून तासाभरात 'इंजिन नवं' करून देणाऱ्यांकडे मी थोड्या संशयानेच पाहतो.

याच इंजिनाबद्दल आणखी एक भाबडा समज आहे: टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे, म्हणजे आयुष्यभर बघायला नको. चेन सहसा एकदम तुटत नाही, पण ती ताणते. ऑइल उशिरा बदललं असेल तर लवकर. सकाळी सुरू करताच दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येत असेल, तर चिप बसवायला निघालेले पैसे चेनच्या किटकडे वळवावेत. ज्यांच्या गाडीला बेल्ट आहे त्यांनी तर किलोमीटरइतकीच वर्षंही मोजायला हवीत. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं.

कोन फिल्टर, इरिडियम प्लग, सायलेन्सर, चिप आणि चुंबक

हे सगळं एकाच टोपलीत घालतो, कारण दुकानातही ते एकाच कपाटात असतं.

उघडा कोन फिल्टर आवाज वाढवतो आणि बोनेटखालची गरम, विरळ हवा आत घेतो. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत मूळ कागदी फिल्टर वेळेवर बदलणं जास्त फायद्याचं. इरिडियम प्लग चांगलेच असतात, पण त्यांचा गुण टिकाऊपणा हा आहे. ठिणगी पडायची तेव्हा पडत असेल, तर महाग प्लगने ताकद वाढत नाही. ऑइल जाळणाऱ्या इंजिनात तर ते साध्या प्लगसारखेच काळे होतात. बदललेल्या सायलेन्सरने छोट्या इंजिनात ऐकू येण्यापलीकडे फार काही घडत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेत असे फेरफार करणं अडचणीत आणू शकतं. चिप किंवा रिमॅपने टर्बो डिझेलची ताकद खरोखर वाढते, हे मान्य. पण दीड लाख चाललेला क्लच, टर्बो आणि हेड गॅस्केट ती सोसणार का, याचं उत्तर चिप विकणारा देत नाही.

इंधनाच्या नळीला बांधायची चुंबकं आणि सॉकेटमध्ये खोचायचे 'इको' डबे यांना उत्तर द्यायचीही गरज नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधनं तपासली. भरीव बचत करणारं एकही सापडलं नाही.

तेवढ्या पैशांत काय घ्यावं? 2013 नंतरची गाडी असेल तर ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर. मोबाइलवर 'फ्युएल ट्रिम' हा आकडा दिसतो. गरम इंजिनावर तो सतत अधिक दहा टक्क्यांच्या वर राहत असेल, तर कुठेतरी व्हॅक्यूमची नळी फाटली आहे किंवा सेन्सर सुस्तावला आहे. आणि इंजिनाची माउंटिंग बदला. आयडलिंगला स्टिअरिंग थरथरतं म्हणून ज्या इंजिनांना 'संपलं' म्हणतात, त्यातली कित्येक फक्त फाटक्या रबरावर बसलेली असतात.

"प्रीमियम पेट्रोल भरा, जुन्या इंजिनाला बरं"

ऑक्टेन म्हणजे शक्ती नाही. दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची ती क्षमता आहे. 91 ऑक्टेनसाठी बनलेल्या इंजिनाला 95 किंवा 100 देऊन खिसा हलका होतो, बाकी काही नाही. अपवाद एकच: आत कार्बन साठून चढावर खणखण आवाज येत असेल, तर वरच्या ऑक्टेनने तो थांबू शकतो. पण तेव्हाही खरं काम कार्बन काढण्याचं असतं.

इथेनॉल मिसळलेल्या ई20 पेट्रोलबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. इंजिन आठवड्यात जळत नाही, आणि काहीच फरक पडत नाही हेही खरं नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच, ई0 साठी बनलेल्या आणि ई10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं अॅव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असं म्हटलं होतं. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 मध्ये सांगितलं. तेव्हा इंधनाच्या नळ्या बदलून घेणं हा जुन्या पेट्रोल गाडीचा आजचा रास्त खर्च आहे. बोनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर तो आजच करायचा.

"पंधरा वर्षं झाली, आता भंगारात"

दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल ही मर्यादा दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी आली. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासून, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते.

"निळा धूर आला, इंजिन बांधायला घ्या"

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इतकंच. कधी दिसतो ते महत्त्वाचं. रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना एक भपका येतो, किंवा खंबाटकी घाट उतरून आल्यावर पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताच येतो, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. त्यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागत नाही. सपाट रस्त्यावर, जोर लावताना सतत येत असेल तर रिंग. तुंबलेला पीसीव्ही व्हॉल्व्हही तसाच धूर काढायला लावतो, आणि तो काहीशे रुपयांचा भाग आहे. तो आधी बदलून बघावा.

तरी शंका राहिली, तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. पेट्रोल इंजिन गरम करून बंद करायचं, इंधन आणि इग्निशन तोडायचं, सगळे प्लग काढायचे. प्लगच्या एका भोकात गेज फिरवून बसवायचा. मदतनीसाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद स्टार्टर मारायचा. पहिल्याच फेऱ्यात काटा जोरात उसळतो की हळूहळू चढतो, तेही पाहायचं. मग दुसरा सिलिंडर, तिसरा. चांगला आकडा किती ते पुस्तिकेत दिलेलं असतं, पण आपसातला फरक त्याहून जास्त सांगतो. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन एकसारखं झिजलंय, घाई नाही. एखादा सिलिंडर खूप खाली असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंग गेल्या. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हा सगळा प्रकार तासाभराचा. ही टेस्ट न करता जो "हेड खोलून बघू" म्हणतो, त्याला गाडी देऊ नये.

आकडे खरोखरच पडलेले निघाले, तर हिशेब साधा आहे. बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग आणि मजुरी मिळून होणारा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर अपघातग्रस्त गाडीतून निघालेलं, कॉम्प्रेशन तपासलेलं इंजिन बसवणं अनेकदा परवडतं. ते घेताना मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि बिल घ्या. इंजिन नंबर बदलतो, आणि तो आरटीओत जाऊन आपल्या आरसीवर चढवून घेतला नाही, तर विम्याचा दावा करताना किंवा गाडी विकताना अडतं.