केवळ उपस्थितीने?

शाळेत पाठ केलेल्या काही व्याख्या माणसाला जन्मभर सोडत नाहीत. उत्प्रेरक म्हणजे असा पदार्थ, जो केवळ आपल्या उपस्थितीने रासायनिक अभिक्रियेचा वेग बदलतो आणि स्वतः मात्र बदलत नाही. ही व्याख्या लिहून मी पूर्ण गुण मिळवले होते. पुढे रसायनशास्त्र शिकण्याचा योग आला नाही. नोकरी हिशेबाच्या खात्यात झाली आणि जे काही रसायन वाचले ते रद्दीतल्या पुस्तकांतून व ग्रंथालयात बसून. पण ‘केवळ उपस्थितीने’ हे दोन शब्द तेव्हापासून खटकत होते. नुसते उभे राहून कुणी काही घडवून आणते का? अशी कीर्ती देवाची असते, धातूची कशी असेल?

रिचर्ड हेक यांच्या कामाकडे मी या खटक्यामुळेच वळलो. २०१० साली रसायनशास्त्राचे नोबेल तिघांत विभागून दिले गेले, त्यांतले हे पहिले नाव. दुसरे दोघे एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी. हेक यांचा जन्म १९३१चा, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डचा. बालपणीच कुटुंब लॉस एंजेलिसला गेले आणि तिथे बागकामाच्या नादातून हा मुलगा रसायनाकडे वळला. डॉक्टरेट १९५४ साली, सोल विन्स्टाइन यांच्याकडे. हे गुरू महत्त्वाचे, कारण अभिक्रियेतून काय निघाले एवढ्यावर विन्स्टाइन थांबत नसत. ती आत कशी घडली, याचा ते पाठपुरावा करत. ती सवय शिष्याला लागली. पुढे काही काळ झुरिकला व्लादिमिर प्रेलॉग यांच्याकडे काढून हेक डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनच्या हर्क्युलिस कंपनीत रुजू झाले. ही कंपनी मुळात बंदुकीच्या दारूची.

तिथे त्यांनी आधी कोबाल्टला हात घातला. अल्कीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून कोबाल्टच्या मदतीने अल्डिहाइड बनवण्याची रीत जर्मनीत ओटो रोलेन यांनी १९३८ सालीच शोधली होती. कारखाने ती वापरतही होते, पण मधल्या वेळात कोबाल्ट काय करते, याचा नीट पत्ता नव्हता. डेव्हिड ब्रेस्लो आणि हेक यांनी १९६०–६१ मध्ये ती वाट पायरीपायरीने मांडली. कोबाल्टला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो, रिकाम्या झालेल्या जागी अल्कीन येऊन बसते, मग एकेक तुकडा जोडला जातो आणि शेवटी तयार माल सोडून कोबाल्ट पूर्ववत होते. म्हणजे ‘बदलत नाही’ हे खरे, पण फक्त सुरुवातीला आणि शेवटी पाहणाऱ्यासाठी. मधल्या प्रत्येक पायरीवर ते वेगळे असते.

मग पॅलेडियम. इथे अडचण काय होती, ते आधी सांगायला हवे. औषध असो वा रंग, सेंद्रिय रेणूचा सांगाडा कार्बनला कार्बन जोडूनच उभा राहतो. बेंझिनच्या कड्यातला कार्बन उचलून थेट एखाद्या अल्कीनच्या कार्बनला जोडणे मात्र सोपे नव्हते. १९६८ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हेक यांचे सलग सात शोधनिबंध छापून आले. सातही निबंधांवर लेखक एकच. त्यांत ही जोडणी पॅलेडियमने साधलेली होती, पण कडे आणून देण्याचे काम पाऱ्याच्या संयुगांकडे होते. पारा विषारी, आणि पॅलेडियम काम संपले की धातू होऊन तळाशी बसणार. ताम्रक्षाराने त्याला पुन्हा कामाला लावता येई, पण हा सगळा खटाटोपच होता.

तो सुटला १९७१–७२ मध्ये. पाऱ्याऐवजी साधे आयोडोबेंझिन घ्यायचे, सोबत स्टायरीन, एक आम्लारी आणि शंभर रेणूंमागे एक इतकेच पॅलेडियम. शंभर अंश सेल्सिअसला तापवले की झाले. आत काय होते? पॅलेडियमचा अणू कार्बन आणि आयोडीन यांच्यामधल्या बंधात शिरतो. आता दोघेही त्यालाच जोडलेले. मग अल्कीन आपल्या दुहेरी बंधाच्या बाजूने त्याच्यावर येऊन टेकते. कडे पॅलेडियमवरून अल्कीनच्या एका कार्बनवर सरकते, पॅलेडियम दुसऱ्या कार्बनला धरते. हवा होता तो बंध इथे तयार झाला. त्यानंतर पॅलेडियम शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन उचलते, दुहेरी बंध पुन्हा जुळतो आणि नवा रेणू सुटून जातो. उरलेला हायड्रोजन आणि आयोडीन आम्लारी काढून घेते. पॅलेडियम मोकळे, पुढच्या फेरीला तयार.

हे समजावताना लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची उपमा देण्याचा मोह होतो. मीही दोनचार ठिकाणी दिली आहे. पण ती खोटी पडते. मध्यस्थ दोन्ही घरी जातो, चहा पितो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाही. पॅलेडियम आधी एकाशी, मग दुसऱ्याशी खरोखर बांधले जाते आणि मग सुटते. या सुटण्यातच सगळी किमया आहे. धरून बसणारा धातू उत्प्रेरक होऊ शकत नाही.

दिवाळीच्या धुराने ज्यांचा दमा उसळतो त्यांच्या घरी मॉन्टेल्युकास्टची पट्टी असते. आमच्याही घरी आहे. मर्क कंपनीने या औषधासाठी बसवलेल्या पद्धतीत एक महत्त्वाची जोडणी हेक अभिक्रियेने होते. नेप्रोक्सेन हे वेदनाशामकही या मार्गाने बनवता येते. गोळीत मात्र पॅलेडियम राहू द्यायचे नसते. पोटात घेण्याच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी घातलेली त्याची मर्यादा. त्यामुळे ते धुऊन, गाळून काढणे हाही कारखान्यात मोठा उद्योग असतो.

हेक १९७१ साली डेलावेअर विद्यापीठात आले. १९७४ साली त्यांनी सहकाऱ्यासह फॉस्फिन जोडीला घेऊन आयोडीनऐवजी ब्रोमीनच्या संयुगांवरही ही अभिक्रिया चालवून दाखवली. १९८२ मध्ये त्यांनीच तिचा आढावा लिहिला, तेव्हा माहीत असलेली सगळी उदाहरणे पंचेचाळीसेक पानांत मावली. वीस वर्षांनी, २००२ साली, तिच्या फक्त एका उपप्रकाराच्या आढाव्याला ३७७ पाने लागली. या दोन आकड्यांच्या मधोमध, १९८९ साली, संशोधनाला अनुदान मिळेनासे झाले म्हणून हेक निवृत्त झाले होते. पीक वर येण्याच्या हंगामात शेतकऱ्याला शेतावरून उठवावे, तसे हे मला वाटते. त्याबद्दल त्यांनी गळा काढलेला माझ्या वाचनात नाही, म्हणून तो मीही काढत नाही. पुढे ते पत्नीच्या देशात, फिलिपिन्समध्ये, जाऊन राहिले. नोबेलची बातमी आली तेव्हा वय ७९ होते. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये मनिला इथे ते वारले.

एक नाव राहिले. पाऱ्याशिवायची ही अभिक्रिया हेक यांच्या आधी, १९७१ सालीच, जपानमध्ये त्सुतोमु मिझोरोकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली होती. दोन्हीकडचे काम एकमेकांपासून स्वतंत्र होते. मिझोरोकी १९८० साली, पन्नाशी गाठण्याआधीच, कर्करोगाने गेले, आणि नोबेल मृतांना देत नाहीत. हेक यांनी मात्र १९७२च्या निबंधातच मिझोरोकींच्या कामाचा निर्देश केला होता. आता बऱ्याच पुस्तकांत ‘मिझोरोकी–हेक अभिक्रिया’ असे छापतात. माझ्या वहीत पूर्वी नुसते हेक होते. मागे थोडी जागा सुटली होती, तिथे दुसरे नाव बसले.