पावसाची जुनी वही

मुलांनो, पावसाने ओढ दिली, की घरातील वडीलधारी माणसे १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढतात. विहिरी आटल्या, जनावरांना चारा मिळेना, शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले. "असा दुष्काळ पूर्वी कधी पडलाच नव्हता," असेही कोणी म्हणते. हे खरे आहे काय? आणि ते ठरवायचे कसे?

माणसाची आठवण साठ-सत्तर वर्षांपलीकडे जात नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. म्हणजे देशभर पाऊस मोजून लिहून ठेवण्याला सुमारे दीडशे वर्षेच झाली आहेत. त्याआधीच्या बखरींत आणि तवारिखांत दुष्काळाचे उल्लेख सापडतात. पण पाऊस किती कमी पडला, हे त्यांवरून कळत नाही. मग शास्त्रज्ञांनी निसर्गाचीच वही उघडली.

लाकडाच्या वखारीत सागाचा आडवा कापलेला ओंडका तुम्ही पाहिला असेल. त्यावर एकात एक अशी अनेक वलये दिसतात. उष्ण कटिबंधात कडक हिवाळा नसतो, म्हणून तेथील पुष्कळ झाडांत अशी स्पष्ट वलये तयार होत नाहीत. साग मात्र उन्हाळ्यात पाने गाळतो आणि त्याची वाढ थांबते. पाऊस आला, की वाढ पुन्हा सुरू होते. त्यामुळे दरवर्षी एक नवे वलय तयार होते. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद होते. पाऊस कमी पडला तर ते अरुंद राहते.

ही वलये पाहण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजतात. परंतु एकाच झाडावर विसंबून चालत नाही. कीड लागली किंवा शेजारच्या झाडाची सावली पडली, तरीही वलय अरुंद होते. म्हणून एकाच जंगलातील अनेक झाडांची वलये ताडून पाहतात. सर्वच झाडांत एखाद्या वर्षाचे वलय अरुंद असेल, तर त्या वर्षी पाऊस कमी पडला असावा, असे समजते. ज्या वर्षांचा पाऊस मोजलेला आहे, त्या वर्षांशी ही वलये आधी जुळवून पाहतात. ती जुळली, तरच जुन्या वर्षांचा अंदाज बांधतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळातील सागाच्या झाडांवरून अशी पाचशेहून अधिक वर्षांची नोंद तयार केली आहे.

याहूनही जुनी वही डोंगरांच्या पोटात आहे. चुनखडीच्या गुहेत छतातून पाणी ठिबकते. प्रत्येक थेंब जमिनीवर थोडासा चुना ठेवून जातो. हजारो वर्षांत त्या चुन्याचा खांब वर वाढत जातो. त्याला लवणस्तंभ म्हणतात. पाण्यात जड आणि हलका असे ऑक्सिजनचे वेगवेगळे प्रकार असतात. मोसमी पाऊस जोरदार असेल, तर त्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते. हे प्रमाण लवणस्तंभाच्या थरांत टिकून राहते. थरांतील युरेनियमचे हळूहळू थोरियम होते. त्यावरून थर किती जुना, ते ठरवता येते.

छत्तीसगडमधील बस्तरच्या जंगलात दंडक नावाची गुहा आहे. तेथील लवणस्तंभाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. चौदाव्या शतकात कित्येक वर्षे मोसमी पाऊस दुबळा होता. याच शतकाच्या अखेरीस, १३९६ च्या सुमारास, महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. तो बारा वर्षे टिकला, असे परंपरा सांगते. त्याच काळातील एका दुष्काळात बहमनी सुलतानाने माळवा आणि गुजरातेतून हजारो बैलांवर धान्य आणवले व ते लोकांना स्वस्तात विकले, असे फरिश्ता या फारसी इतिहासकाराने लिहिले आहे. तवारिखेतील हकीकत आणि दगडातील खूण अशा एकमेकींना दुजोरा देतात.

हा दुबळा पाऊस केवळ आपल्याकडेच नव्हता. कंबोडियात अंगकोर हे मोठे नगर होते. तेथील एक तलाव तर सुमारे आठ किलोमीटर लांबीचा होता. शेजारच्या व्हिएतनामच्या डोंगरांतील जुन्या झाडांच्या वलयांवरून कळले, की चौदाव्या शतकाच्या मध्यापासून त्या भागात दीर्घ दुष्काळ पडला आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी आणखी एक तीव्र दुष्काळ आला. मध्यंतरी अतिवृष्टी होऊन कालवे गाळाने भरले. पंधराव्या शतकात अंगकोरचे वैभव ओसरले. युद्धे आणि व्यापारातील बदल हीही त्याची कारणे होती. पण पाण्याने दगा दिल्यावर ते मोठे तलावही पुरे पडले नाहीत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. १९७२ चा दुष्काळ भयंकर होता, यात शंका नाही. परंतु त्याहून कितीतरी लांबलेले दुष्काळ या भूमीने पूर्वी सोसले आहेत. आपण धरणे बांधतो, पिके ठरवतो, तेव्हा गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा पाऊस हिशोबात धरतो. ही जुनी वही सांगते, की तेवढा हिशोब पुरेसा नाही. एक-दोन वर्षेच नव्हे, तर लागोपाठ अनेक वर्षे पाऊस कमी पडू शकतो. तेव्हा तलावातील गाळ काढणे, पावसाचे पाणी जमिनीत जिरवणे आणि पाणी जपून वापरणे ही कामे भरपूर पावसाच्या वर्षीच करायला हवीत.

पुढच्या वेळी सागाचा ओंडका दिसला, तर क्षणभर थांबा. त्याची वलये मोजा. तुमच्या आजोबांनाही ठाऊक नसलेले एखादे कोरडे साल त्यात सापडेल.